अंगावर पेलायचा कॅमेरा : स्टेडिकॅम शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

चालता चालता घेतलेल्या दृश्यात चालणाऱ्याची पावले दिसू नयेत, या अडचणीवर अमेरिकेतील कॅमेरामन गॅरेट ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात एक उपाय शोधला. त्यापूर्वी कॅमेरा सरकवायचा तर जमिनीवर रूळ टाकून ट्रॉली ढकलावी लागे, आणि जिथे रूळ टाकता येत नाहीत तिथे, म्हणजे जिन्यावर, शेताच्या बांधावर किंवा गर्दीत, कॅमेरा हातात धरून हलणारे चित्र पत्करावे लागे. ब्राऊन यांची यंत्रणा स्टेडिकॅम या नावाने १९७६ पासून चित्रपटांत दिसू लागली आणि १९७८ साली त्यांना व उत्पादक कंपनीला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पुढे याच तत्त्वावर अनेक कंपन्यांनी लहानमोठे संच बनवले. आज मिररलेस कॅमेऱ्यासाठीचा बेताच्या वजनाचा संच लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या किंवा लघुपट बनवणाऱ्या तरुणाच्या आवाक्यात आला आहे, आणि मुंबईत अंधेरी, गोरेगाव भागातील कॅमेरा भाड्याने देणाऱ्या दुकानांतून तो दिवसाच्या भाड्यानेही मिळतो.

हा लेख अशाच संचाविषयी आहे. अंगात घालायचे व्हेस्ट, त्याला जोडलेला स्प्रिंगचा आर्म आणि त्या आर्मवर तरंगणारा स्लेड, हे त्याचे तीन भाग. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. या यंत्रणेतून मिळणाऱ्या गुळगुळीत दृश्याचे बहुतांश श्रेय स्टँडवर शांतपणे साधलेल्या तोलाला जाते. नवशिके बहुधा व्हेस्ट चढवून चालायला उतावीळ असतात आणि तोलाचे काम पाच मिनिटांत उरकतात. मग चित्र डोलू लागले की दोष आपल्या चालीला किंवा स्वस्त संचाला देतात. म्हणून पुढील विवेचनात तोलाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

यंत्रणा काम कशी करते

स्लेड म्हणजे एक उभा दांडा. त्याच्या वरच्या टोकाला कॅमेऱ्याची पट्टी असते आणि खालच्या टोकाला मॉनिटर, बॅटरी किंवा नुसती वजने असतात. दांड्याच्या मधल्या भागावर गिंबल नावाचा सांधा असतो, जो जवळजवळ घर्षणाशिवाय सर्व दिशांना वळतो. वजन असे दोन टोकांना विभागल्यामुळे दोन गोष्टी साधतात. पहिली अशी की संपूर्ण स्लेडचा गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या आतून बाहेर निघून दांड्यावर येतो, जिथे त्याला बोटांनी हात लावता येतो. दुसरी अशी की स्लेड सहजासहजी वळत किंवा कलत नाही. दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब काठी आडवी धरतो त्यामागेही हेच कारण आहे, कारण वजन मध्यापासून जितके दूर, तितका वळण्याला होणारा विरोध मोठा.

शरीराच्या कलण्याचा आणि वळण्याचा परिणाम कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू न देणे हे गिंबलचे काम, तर पावलागणिक होणारी वरखाली हालचाल गिळून टाकणे हे आर्मचे काम. आर्ममध्ये समांतर पट्ट्यांचे दोन भाग आणि त्यांत ताणलेल्या स्प्रिंगा असतात. त्या स्प्रिंगा कॅमेऱ्यासह स्लेडचे वजन जवळजवळ तंतोतंत तोलून धरतात, म्हणून स्लेड हवेत तरंगल्यासारखा राहतो. हे सगळे वजन व्हेस्टमार्फत कंबरेच्या हाडांवर आणि पाठीवर येते. हातांवर ते येत नाही, आणि येऊ लागले तर कुठेतरी जुळणी चुकली आहे असे समजावे.

मोटरवर चालणारे इलेक्ट्रॉनिक गिंबल आता सर्वत्र दिसतात आणि ते सोपेही आहेत. मात्र त्यांच्या तीन मोटरी कॅमेऱ्याचे वळणे आणि कलणे आवरतात, पावलांचा वरखाली झोका त्यांना आवरता येत नाही. त्यामुळे अनेक जण असे गिंबल व्हेस्ट आणि स्प्रिंगच्या आर्मवर चढवून वापरतात. तशी जोडणी असली तरी व्हेस्ट, आर्म, चाल आणि सुरक्षितता यांविषयी पुढे दिलेले सर्व काही लागू पडते. स्लेडच्या तोलाचा भाग तेवढा वेगळा.

कॅमेरा आधी पूर्ण सज्ज करावा

तोल साधल्यानंतर कॅमेऱ्यावर केलेला कोणताही बदल तो तोल बिघडवतो. म्हणून लेन्स, फिल्टर, मेमरी कार्ड, बॅटरी आणि माइक हे सर्व आधीच बसवावे, लेन्सचे टोपण काढावे, गळ्यात अडकवायचा पट्टा काढून टाकावा आणि कॅमेऱ्याचा घडीचा स्क्रीन ज्या स्थितीत ठेवायचा त्याच स्थितीत आणावा. मॉनिटरला जाणारी वायर दांड्याला नीट बांधावी, कारण लोंबणारी वायर चालताना हिंदकळते आणि तिचा झोका चित्रात उतरतो. झूम करताना नळी पुढे येणारी लेन्स टाळावी किंवा एकाच फोकल लेंग्थवर ठेवावी. सुरुवातीला फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २० ते २८ मिलिमीटर दरम्यानची लेन्स उत्तम. तिच्यात हालचालीचे लहान दोष फारसे दिसत नाहीत आणि दालन, गर्दी, कमानी यांची खोलवर जाणारी जाणीवही चांगली येते. ५० मिलिमीटरची लेन्स नंतर, हात बसल्यावर घ्यावी.

फोकसचा विचार इथेच करावा लागतो, कारण चालताना फोकसच्या रिंगला हात लावता येत नाही. उजेड पुरेसा असेल तर लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ किंवा एफ ८ वर ठेवून साधारण दोन ते तीन मीटरवर फोकस कायम करावा. रुंद लेन्सवर पात्र थोडे पुढेमागे झाले तरी ते स्पष्ट राहते. चेहरा ओळखणारा ऑटोफोकस भरवशाचा असेल तर तोही चालतो, मात्र गर्दीत तो भलत्याच चेहऱ्यावर जातो हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे २५ फ्रेम प्रतिसेकंद आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवल्यास ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी दिव्यांची लुकलुक टळते आणि हालचालीतील धूसरपणाही डोळ्याला नैसर्गिक वाटतो. उन्हात हाच शटर ठेवायचा तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये शिरणारा उजेड कमी करणारी काच, लागतो, आणि तोही तोल साधण्यापूर्वी बसवायचा असतो. कॅमेऱ्यातील सेन्सर हलवणारी स्थिरीकरणाची सोय रुंद लेन्सवर चित्राच्या कोपऱ्यांत थरथर निर्माण करू शकते. तिच्यासह आणि तिच्याविना एकेक चाचणी घेऊन मगच निर्णय करावा.

फार हलका कॅमेरा सोपा जाईल हा समज इथे खरा ठरत नाही. वजन कमी असले की स्लेडला जडत्व कमी पडते आणि बोटाच्या जराशा दाबानेही चित्र वळते. शिवाय बहुतेक आर्मना किमान काही वजन लागतेच, त्याखाली स्प्रिंगा आर्मला वर उचलून धरतात. अशा वेळी कॅमेऱ्याच्या खाली एखादी जड पट्टी जोडावी आणि त्या प्रमाणात तळाशीही वजन वाढवावे.

स्टँडवरचा तोल

यासाठी भक्कम सी-स्टँड, म्हणजे चित्रीकरणात वापरतात तो जड धातूचा स्टँड, आणि त्यावर बसणारा डॉकिंग ब्रॅकेट, म्हणजे स्लेड टांगायची खुंटी असलेला जोड, हवा. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय स्लेड त्यावर टांगू नये. साधा, तीन बारीक पायांचा लाइट स्टँड या कामाला धोकादायक आहे.

प्रथम कॅमेऱ्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य शोधावा. लेन्ससह सज्ज कॅमेरा एका गोल पेन्सिलीवर आडवा ठेवून तो पुढेमागे कुठे समतोल राहतो ते पाहावे आणि त्या जागी चिकटपट्टीची खूण करावी. मग त्याच पद्धतीने डावी-उजवी खूण करावी. कॅमेरा स्लेडच्या पट्टीवर असा बसवावा की ही खूण दांड्याच्या मध्यरेषेच्या साधारण दोन सेंटिमीटर मागे येईल. तळाशी मॉनिटर पुढे आणि बॅटरी मागे ठेवावी. या मांडणीचे कारण फिरत्या तोलाच्या वेळी स्पष्ट होईल.

आता स्लेड ब्रॅकेटवरील खुंटीवर गिंबलने टांगावा. दांडा उभा राहिल्यावर तो कोणत्या बाजूला कलतो ते पाहावे. लेन्स खाली झुकत असेल तर कॅमेरा मागे सरकवावा, लेन्स वर पाहत असेल तर पुढे. दांडा डावीकडे कलत असेल तर पट्टी उजवीकडे सरकवावी. सरकवणे मिलिमीटरच्या हिशेबात करावे आणि प्रत्येक वेळी स्लेड पूर्ण शांत होईपर्यंत थांबावे. हात लावून थांबवलेला स्लेड खोटे उत्तर देतो, म्हणून त्याला स्वतःहून थांबू द्यावे.

दांडा ताठ उभा राहिला की तळ किती जड आहे ते मोजायचे. दांडा हाताने आडवा धरावा, हळूच सोडावा आणि तो आडव्यातून उभ्या स्थितीपर्यंत यायला किती वेळ घेतो ते मोजावे. सुरुवातीला दोन ते तीन सेकंद योग्य. एका सेकंदातच खाली येत असेल तर तळ फार जड आहे. गिंबल दांड्यावर थोडा खाली घ्यावा किंवा तळाचे वजन कमी करावे. पाच सेकंदांहून जास्त लागत असतील किंवा दांडा मध्येच थांबत असेल तर गिंबल किंचित वर घ्यावा. गिंबल नेहमी गुरुत्वमध्याच्या जरासा वर असतो, आणि हे ‘जरासे’ केवळ काही मिलिमीटर असते.

या मोजणीला एवढे महत्त्व का, ते सांगणे आवश्यक आहे. तळ जड ठेवला की स्टँडवर सगळे छान स्थिर दिसते, त्यामुळे नवशिक्याला तसाच ठेवण्याचा मोह होतो. पण गिंबल गुरुत्वमध्यापासून दूर गेला की संपूर्ण स्लेड लोलक बनतो. चालायला सुरुवात करताच तळ मागे राहतो आणि लेन्स खाली झुकते. थांबताच तळ पुढे जातो आणि लेन्स वर उचलली जाते. वळताना क्षितिज कलते. याउलट तळ फार हलका ठेवला तर स्लेडला उभे राहण्याची ओढच उरत नाही आणि क्षितिज सरळ ठेवण्याचा सगळा भार बोटांवर येतो. अनुभवी कॅमेरामन तीन-चार सेकंदांपर्यंत जातात. नवशिक्याने दोन सेकंदांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. गिंबल हलवल्यावर पुढचा-मागचा आणि डावा-उजवा तोल पुन्हा तपासायलाच हवा, कारण तळ हलका झाला की आधी न दिसलेले दोष उघडे पडतात. पहिल्या काही वेळा हे सारे करायला पाऊण तास लागला तरी घाई करू नये.

शेवटी फिरता तोल. खुंटीवर टांगलेला स्लेड दोन बोटांनी हलकेच गरकन फिरवावा. दांडा सरळ उभा राहून फिरला तर उत्तम; तो डगमगत, वरचे किंवा खालचे टोक वर्तुळ काढत फिरू लागला तर कॅमेरा, मॉनिटर आणि बॅटरी यांची वजने दांड्याभोवती नीट विभागली गेलेली नाहीत. बॅटरी थोडी आत किंवा बाहेर घ्यावी, त्यामुळे बिघडलेला उभा तोल कॅमेरा सरकवून परत साधावा आणि पुन्हा फिरवून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लहान संचांत बॅटरी सरकवण्याची सोय नसली तर हा तोल पूर्ण साधत नाही. मग चित्रीकरणात कॅमेरा झर्रकन वळवणे टाळावे, एवढेच.

तोल पक्का झाला की प्रत्येक पट्टीची, दांड्याची आणि गिंबलची जागा पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने नोंदवावी. पुढच्या वेळी तोच कॅमेरा आणि तीच लेन्स असेल तर अर्धे काम झालेलेच असते.

व्हेस्ट आणि आर्म

व्हेस्ट घालताना आधी खांद्याचे पट्टे बसवावेत, मग छातीचा आणि शेवटी कंबरेचा. कंबरेचा पट्टा पोटावर न येता नितंबाच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे, कारण खरा भार तिथेच उतरतो. श्वास मोकळा घेता यावा, पण व्हेस्ट अंगावर सरकू नये, इतके ते आवळावे. सैल व्हेस्ट आरामदायी वाटते आणि अर्ध्या तासात पाठ दुखवते. पटकन सुटणारे बक्कल कुठे आहे आणि ते एका हाताने कसे उघडते याचा सराव कॅमेऱ्याविना करून ठेवावा; पाण्याच्या काठावर, गच्चीवर किंवा गाडीतून चित्रीकरण करताना ही माहिती आयत्या वेळी शोधायची नसते.

स्प्रिंगचा ताण कसा बदलायचा हे प्रत्येक संचात निराळे असते, म्हणून इथे उत्पादकाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. ताण योग्य असेल तर स्लेड लटकवल्यावर आर्मचे दोन्ही भाग साधारण आडवे राहतात. स्प्रिंगांच्या आणि पट्ट्यांच्या मध्ये बोट कधीही घालू नये. वजन नसलेला आर्म वर उसळतो, हे तर विसरूच नये. स्लेड काढताना आर्म हाताने दाबून धरावा आणि सावकाश वर सोडावा, अन्यथा तो थेट चेहऱ्यावर येऊ शकतो.

स्लेड उचलताना स्टँडजवळ ताठ पाठीने जावे, गुडघे वाकवून आर्मची खुंटी गिंबलच्या मुठीत बसवावी आणि पायांच्या जोराने सरळ उभे राहावे. स्लेड ब्रॅकेटमधून आपोआप वर येतो. एक पाऊल मागे घेऊन स्थिर उभे राहावे आणि दोन्ही हात बाजूला काढावेत. जुळणी बरोबर असेल तर स्लेड जिथे आहे तिथेच राहतो. तो पुढे पळत असेल, अंगावर येत असेल किंवा बाजूला सरकत असेल तर आर्म जिथे व्हेस्टला जोडला आहे तिथले स्क्रू थोडे थोडे फिरवून आर्मचे सांधे आपल्या नेहमीच्या उभे राहण्याच्या ढबीत लंबरेषेत आणावेत. ज्या संचांत हे स्क्रू नसतात तिथे हे काम कंबरेला आणि खांद्यांना किंचित मागे नेऊन करावे लागते.

नेहमीच्या पद्धतीत आर्म व्हेस्टच्या उजव्या बाजूला जोडलेला असतो आणि स्लेड शरीराच्या डाव्या बाजूला, समोर तरंगतो. उजवा हात गिंबलच्या मुठीवर, डावा दांड्यावर. काही जण उलट बाजूने काम करतात आणि तेही योग्यच आहे, फक्त एकदा ठरवलेली बाजू बदलू नये. स्लेड शरीराच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. तो दुप्पट दूर गेला तर पाठीवर येणारा मुरडीचा भारही दुप्पट होतो.

हात

दोन हातांची कामे वेगळी आहेत आणि ती वेगळीच ठेवायची असतात. मुठीवरचा हात स्लेड कुठे न्यायचा ते ठरवतो, म्हणजे जवळ, दूर, वर, खाली. दांड्यावरचा हात कॅमेरा कुठे पाहील ते ठरवतो. हा दुसरा हात गिंबलच्या अगदी लगत, अंगठा आणि दोन-तीन बोटांच्या टोकांनी दांड्याला स्पर्श करतो. तो खाली सरकला की वळवताना दांडा कलतो, कारण गुरुत्वमध्यापासून दूर दिलेला दाब कॅमेऱ्याला तिरका करतो. स्पर्श इतका हलका असावा की बोटांखालून दांडा फिरू शकेल. चित्र बिघडते आहे असे वाटले की माणूस नकळत दांडा आवळतो, आणि आवळताच शरीराची प्रत्येक थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. म्हणून चित्र बिघडत असताना पकड अधिक सैल करायची, ही सवय जाणीवपूर्वक लावावी लागते.

नजर मॉनिटरवर आणि मार्गावर आळीपाळीने असावी. मॉनिटरमध्ये आधी कडा आणि क्षितिज पाहावे, पात्राचा चेहरा नंतर. चेहऱ्यात गुंतलेल्या नजरेला कललेली भिंत दिसत नाही.

चाल आणि सराव

गुडघे किंचित मोकळे ठेवून, टाच आधी आणि चवडा नंतर टेकवत, पावले लहान ठेवून चालावे. फार वाकून, सरपटल्यासारखे चालण्याची काही गरज नाही. वरखाली झोका आर्म गिळतो, त्याला त्याचे काम करू द्यावे. चालीत एकसारखा वेग मात्र हवा, कारण वेगातील चढउतार आर्म लपवू शकत नाही.

या क्षेत्रात वर्षानुवर्षे चालत आलेला एक सराव आहे आणि माझ्या मते त्याला पर्याय नाही. भिंतीवर लेन्सच्या उंचीला चिकटपट्टीची फुली करावी आणि भिंतीपासून काटकोनात जमिनीवर सात-आठ मीटर लांब सरळ पट्टी ओढावी. मॉनिटरच्या मध्यभागीही फुली काढावी. मग या पट्टीवरून भिंतीकडे चालत जावे आणि दोन्ही फुल्या एकमेकींवर ठेवाव्यात. भिंतीपासून मीटरभर अंतरावर थांबून दहा सेकंद चित्र निश्चल धरावे, आणि तसेच उलटे मागे यावे. त्यानंतर हाच मार्ग शरीर उलट बाजूला वळवून आणि कॅमेरा मागे पाहत असताना चालावा. या पद्धतीला डॉन जुआन म्हणतात, आणि समोरून येणाऱ्या पात्राच्या पुढे चालताना तिचा खरा उपयोग होतो, कारण कॅमेरामनला उलटे चालावे लागत नाही. अगदी हळू चालून पाहावे. वेगात दोष लपतात, संथ चालीत ते सगळे दिसतात.

सुरू होणे आणि थांबणे ही सर्वांत अवघड अंगे आहेत. निघताना दांड्यावरची बोटे अगदी थोडा आधार देतात, जेणेकरून तळ मागे राहणार नाही. थांबताना शरीर आधी मंद होते आणि स्लेड त्यामागोमाग शेवटच्या जागी येतो. वळणावर शरीर आधी वळवावे आणि कॅमेऱ्याला नंतर वळू द्यावे. दारातून जाताना स्लेड शरीराच्या समोर, शक्य तितका आत घ्यावा. जिना चढताना आर्म मधल्या उंचीवर ठेवावा म्हणजे त्याला वर आणि खाली दोन्हीकडे वाव उरतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत एका वेळी दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ स्लेड अंगावर ठेवू नये. कंबरेच्या स्नायूंना आलेला थकवा आणि मणक्यात उठलेली कळ यांत फरक आहे. दुसरी जाणवताच स्लेड स्टँडवर ठेवावा. पाठीचा, मानेचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही यंत्रणा वापरू नये.

प्रत्यक्ष चित्रीकरण

लग्नातील एक नेहमीचे दृश्य घेऊ. वधू मंगल कार्यालयाच्या दारातून निघून बोहल्यापर्यंत येते आणि कॅमेरा तिच्यापुढे चालतो. इथे आधी कॅमेऱ्याविना तो संपूर्ण मार्ग चालून पाहावा. गालिच्याची दुमडलेली कड, जमिनीवरून गेलेल्या डेकोरेटरच्या वायरी, रांगोळी, फुलांची कमान किती उंच आहे, कोणत्या वळणावर पंख्याचा झोत येतो, हे सर्व पाहून ठेवावे. वायरी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून घ्याव्यात. बोहल्याजवळ किंवा देवळात चपला-बूट काढावे लागतात, म्हणून घरच्या सरावाचा काही भाग अनवाणी करावा. गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी मात्र कधीही चालू नये. अक्षता पडू लागल्या की पाहुण्यांची गर्दी एकदम पुढे सरकते, त्यामुळे तोवर कॅमेरामनने आपली अखेरची जागा गाठलेली असावी.

एक सहकारी सोबत हवाच. तो कॅमेरामनच्या मागे चालतो, त्याचा हात व्हेस्टच्या पाठीमागच्या भागावर असतो, आणि पायरी, वळण किंवा मागे आलेले मूल याची सूचना तो बोलून नव्हे तर हाताच्या दाबाने देतो, कारण बोलणे ध्वनिमुद्रणात जाते. एकट्याने उलटे चालत चित्रीकरण करण्याचा धोका पत्करू नये. शॉट जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे चार-पाच सेकंद कॅमेरा स्थिर धरावा. संकलकाला कापायला जागा मिळते. आणि प्रत्येक प्रसंग चालत्या कॅमेऱ्याने घेऊ नये. मंगळसूत्र बांधताना किंवा पाठवणीच्या वेळी माणसांच्या चेहऱ्यांवर जे घडते, त्याभोवती फिरणारा कॅमेरा लक्ष वेधून घेतो. तिथे ट्रायपॉड अधिक योग्य.

उघड्यावर वारा हा मोठा अडथळा ठरतो. स्लेडला वळवायला फार थोडा जोर पुरतो, त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील किंवा गडावरील वाऱ्याची एक झुळूकही कॅमेऱ्याचे तोंड फिरवते. लेन्सचा मोठा हूड काढावा, सहकाऱ्याने वाऱ्याच्या बाजूने थर्माकोलचा मोठा तुकडा किंवा छत्री धरून सोबत चालावे, आणि अशा दिवशी तळ थोडा अधिक जड ठेवावा. वारा फारच असेल तर दांड्यावर जरा घट्ट पकड ठेवण्यावाचून उपाय नसतो, मग चाल आणखी संथ करावी.

जमिनीलगतचे दृश्य हवे असेल तर स्लेड उलटा करून कॅमेरा खाली घेतात. त्यासाठी कॅमेरा वेगळ्या ब्रॅकेटवर सरळ बसवावा लागतो किंवा चित्र नंतर संगणकावर उलटावे लागते, आणि तोल पहिल्यापासून साधावा लागतो. वरच्या बाजूचे काम पक्के झाल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

काम संपल्यावर क्रम उलटा असतो. आधी स्लेड स्टँडवर नीट बसवावा, आर्म दाबून धरून वेगळा करावा, मग व्हेस्ट काढावे, आणि कॅमेरा सर्वांत शेवटी. स्लेड आर्मवर असताना लेन्स किंवा बॅटरी बदलण्याचा प्रयत्न केल्यास तोल क्षणात जातो आणि दांड्याचे टोक चेहऱ्याकडे किंवा लेन्स स्टँडकडे झेपावते. गिंबलच्या बेअरिंगवर तेल टाकू नये, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. समुद्रकिनाऱ्यावर वापर झाला असेल तर त्याच दिवशी प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसावा, कारण खारी हवा आणि बारीक वाळू बेअरिंगला लवकर खडबडीत करते, आणि खडबडीत बेअरिंगवर कितीही मेहनतीने साधलेला तोल टिकत नाही. पुढच्या कामाआधी स्लेड खुंटीवर टांगून गिंबल प्रत्येक दिशेला बोटाने सावकाश फिरवून पाहावा. कुठेही अडखळ जाणवली तर बेअरिंग बदलून घ्यावे.